लंडनला आई-बाबांना जुन्या पबमध्ये न्यावं का? (आई पक्की शाकाहारी)

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, एक विचारायचं होतं, हसू नका. मे महिन्यात मी, माझी नऊ वर्षांची लेक आणि आई-बाबा असे लंडनला चाललोय, भाऊ-वहिनी हॅरोला असतात त्यांच्याकडे पंधरा दिवस. टॉवर, म्युझियम, बोट वगैरे सगळं भावाने बसवलंय. बाबांची मात्र एकच फर्माईश आहे, मला राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एखाद्या जुन्या पबमध्ये बसायचंय. बाबा काही रोज घेणारे नाहीत हो, थर्टी फर्स्टला अर्धी बिअर, ती पण भावाबरोबर वाटून. कारण वेगळंच आहे. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे नोटा-स्टॅम्पच्या सरकारी छापखान्यातून रिटायर झाले, सगळी नोकरी बारीक नक्षी, वेलबुट्ट्या आणि कोरलेल्या प्लेटा बघण्यात गेली, आणि कुणीतरी त्यांना व्हॉट्सअपवर अशा पबातल्या कोरीव काचांचे फोटो पाठवले तेव्हापासून ते डोक्यात बसलंय.

आईचं उलट. पब म्हटलं की तिच्या डोळ्यासमोर डीजे, लाल-निळे लाइट आणि पेपरातली छाप्याची बातमी. त्यात ती अंडं पण खात नाही. ती म्हणते तुम्ही जा आत, मी बाहेर बाकावर बसते. आता लंडनच्या थंडीत आईला बाकावर बसवून आपण आत मजा करायची हे काही मला जमणार नाही.

तर कुठला पब बघण्यासारखा आहे, आईला खायला काय मिळेल, लहान मुलीला आत घेतात का, आणि मुळात तिथं जाऊन करायचं काय, म्हणजे मेनूकार्ड मागायचं की कसं? भावाला विचारलं तर तो म्हणतो अगं सोपं असतं ते, आणि विषय संपवतो.

पंचवटीचा_पक्या:
नऊ तास विमानात बसून जायचं आणि बारमध्ये बसायचं. त्यापेक्षा गंगापूर रोडला या, द्राक्षाच्या मळ्यात बसा, वाइन पण आपली आणि मिसळ पण आपली.

कॉलेजरोडचा_बंड्या:
पक्या तू शांत बस रे.

ताई, मी लंडनला सहा वर्षं काढली, आता परत कॉलेजरोडलाच आहे, त्यामुळे जे आठवतंय ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे आईंना सांगा की तो आपल्याकडचा पब नाही. पब म्हणजे पब्लिक हाउस, दुपारी बारा-एकला तिथं म्हातारी माणसं पेपर वाचत बसलेली असतात, कुणाचं कुत्रं टेबलाखाली झोपलेलं असतं, आणि बऱ्याच जुन्या पबात गाणी पण नसतात.

बाबांना नक्षीच बघायची असेल तर डोळे झाकून हॉबर्नचा प्रिन्सेस लुईस. १८७२ चा पब आहे, व्हिक्टोरिया राणीच्या चौथ्या मुलीचं नाव दिलंय, आणि आतली जी सजावट बघून माणूस वेडा होतो ती १८९१ ची. मधे मोठा काउंटर आणि त्याच्या भोवती लाकडी-काचेच्या पार्टिशनचे छोटे छोटे कप्पे, कोरीव काचा, सोनेरी अक्षरांचे आरसे, भिंतीला टाइल्स, वर छताला नक्षी. सरकारी वारसा यादीत आहे, त्यामुळे कुणाला परवानगीशिवाय काही तोडफोड करता येत नाही. आणि हसू नका पण तिथली जेन्ट्स मुतारी सुद्धा बघण्यासारखी आहे, जुनं संगमरवरी काम आहे, लोक मुद्दाम बघायला जातात. तो पब सॅम्युअल स्मिथ या यॉर्कशायरच्या ब्रुअरीचा आहे, १७५८ पासूनची कंपनी, तिच्या पबात गाणी नाहीत, टीव्ही नाही आणि मोबाइल वापरलेला पण चालत नाही. आई खूष होतील बघा. फक्त बाबांना सांगून ठेवा की आत फोटो काढत बसायचं नाही.

नीट बसून जेवायचं असेल तर ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनच्या बाहेर आलात की लगेच आर्गाइल आर्म्स आहे, तिथे पण अशाच काचेच्या पार्टिशनच्या खोल्या आहेत आणि जेवणाचा व्यवस्थित मेनू असतो, पाय (म्हणजे pie, पारीत सारण भरून भाजलेला), फिश अँड चिप्स, सॉसेज-मॅश (मॅश म्हणजे कुस्करलेला बटाटा). सेंट्रल लाइनने हॉबर्न तिथून दोन स्टेशन.

आता करायचं काय ते. हे महत्त्वाचं आहे कारण यात मी स्वतः पोपट झालेला माणूस आहे. नवीन नवीन गेलो तेव्हा एका पबात मी आणि माझा रूममेट टेबलावर जाऊन ऐटीत बसलो आणि वेटरची वाट बघत राहिलो, दहा मिनिटं, वीस मिनिटं, मला वाटलं आपण इंडियन आहोत म्हणून बघत नाहीयेत, मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोललो असेन, आणि शेवटी शेजारची आजी म्हणाली बाळा काउंटरवर जाऊन आणावं लागतं. तर हो, काउंटरवर जायचं, तिथंच सांगायचं, तिथंच पैसे द्यायचे, ग्लास आपला आपण उचलून आणायचा. जेवण सांगायचं असेल तर आधी टेबलाचा नंबर बघून जायचं, मग जेवण ते टेबलावर आणून देतात. काउंटरला रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे सगळ्यांना माहीत असतं, बारवाल्याला पण. नोट हलवून किंवा 'ओ भाऊ' करून बोलावलं तर तो मुद्दाम सर्वात शेवटी येणार. टीप काउंटरला द्यायची पद्धत नाही.

आणि एक, तिथं पाइंट म्हणजे आपला पाइंट नव्हे. आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली, तिथं ५६८ मिली. बाबांसाठी हाफ मागा, २८४ मिली, कुणी काही म्हणत नाही. व्हिस्की घेणारं कुणी असेल तर सिंगल म्हणजे २५ मिली, काही ठिकाणी ३५. आपल्या ३० आणि ६० ची सवय असलेला माणूस ग्लासात बघतो आणि विचारतो बाकीची कुठंय. सेंट्रल लंडनमध्ये पाइंटला सहा-सात पाउंड धरून चला, रुपयात गुणाकार करू नका, मी केला होता आणि झोप उडाली होती.

सिडकोची_मीना:
बंड्याभाऊ छान लिहिलंय पण शाकाहारी माणसाच्या खऱ्या अडचणी पुरुषांना कळत नाहीत त्यामुळे ते मी लिहिते.

गोदाकाठची ताई, माझी मुलगी लेस्टरला असते, मी तीनदा जाऊन आले. पहिला धोका चिप्स. आपल्याला वाटतं बटाटा तळलाय त्यात काय, पण काही ठिकाणी जुन्या पद्धतीने बीफ ड्रिपिंगमध्ये म्हणजे गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, बऱ्याच ठिकाणी साधं तेल असतं, पण एकाच कढईत मासे आणि चिप्स हा प्रकार फार. काउंटरला विचारायचं, कशात तळता आणि वेगळं तळता का, ते न चिडता सांगतात, त्यांना सवय आहे. यॉर्कशायर पुडिंग नावावरून गोड वाटतं पण ते अंड्याचं असतं. ग्रेव्ही म्हणजे मांसाचाच रस धरा, शाकाहारी आहे असं त्यांनी तोंडाने सांगितलं तरच घ्या.

मग मिळतं काय? व्हेज पाय बहुतेक मेनूत असतो, मॅश आणि वाटाण्याबरोबर, पण वरच्या पारीला अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो म्हणून आईंसाठी व्हीगन, म्हणजे मांस-अंडं-दूध काहीच नसलेला, असं लिहिलेलाच मागा. सूप-ब्रेड. आणि प्लाउमन्स लंच, म्हणजे नांगरट्याचं जेवण, चीज, ब्रेड, कांद्याचं लोणचं, आंबटगोड चटणी. अगदी आपलं भाकरी-कांदा-ठेचा वाटतं ना? मला पण वाटलं, शेतात बांधावर बसून खात असतील म्हणून मी कौतुकाने खाल्लं, मग जावई म्हणाले की हे नाव १९५० च्या दशकात चीज खपवायला चीजवाल्यांच्या मंडळाने लोकप्रिय केलं. म्हणजे जाहिरात हो. पण चव चांगली आहे. फक्त काही चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं, आई तेवढं पाळत असतील तर विचारा. मसाला कशातच नसतो, हे वेगळं सांगायला नको, पर्समध्ये चटणी ठेवा.

आता माझ्या सासूबाईंची गोष्ट. पबात सगळे बसलो, मी लाइम सोडा घेतला, सासूबाईंनी बोर्डावर सफरचंदाचं चित्र बघितलं आणि म्हणाल्या मला ते दे. मी आणून दिलं. त्यांना एवढं आवडलं की दुसरा मागवला. अर्ध्या तासाने त्या गवळण म्हणायला लागल्या आणि आवाज चांगला होता त्यामुळे पलीकडच्या टेबलाने टाळ्या पण वाजवल्या. तिथं साइडर म्हणजे ज्यूस नाही, सफरचंदाची दारू असते, बिअरइतकीच चढते. चार वर्षं झाली, सासूबाईंना आजही वाटतं की त्या दिवशी हवा फार छान होती. ज्यूस हवा तर स्पष्ट ॲपल ज्यूस म्हणायचं.

बाबांसाठी पण एक, पंपाने ओढून देतात त्या बिअरमध्ये गाळ खाली बसवायला इसिंग्लास घालतात बऱ्याचदा, ती माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. काहीजण आता घालत नाहीत. ते पाळत असतील तर व्हीगन लिहिलेली मागा.

पंचवटीचा_पक्या:
मीनाताई गवळण कोणती ते पण सांगा 😂

कॅम्पातला_भो:
मी देवळाली कॅम्पचा. मर्चंट नेव्हीत होतो म्हणून लिव्हरपूल, बेलफास्ट, लंडन सगळीकडचे पब बघून झालेत, आता पायाला भिंगरी नाही.

लोक उगाच या पबांना देव्हाऱ्यात बसवतात. मला विचाराल तर व्हिक्टोरियन पब म्हणजे आपलं परमिट रूमच आहे भो. आपल्याकडे कसं, बाहेर नॉन-एसीत बाकडं, आत एसी, एसीत तीच बिअर वीस-तीस रुपयांनी महाग, आणि कोपऱ्यात पडदा लावलेला फॅमिली रूम. तिथं पण सेम टू सेम. एका दारातून पब्लिक बार, तिथं कामगार, साधी फरशी, भाव कमी. दुसऱ्या दारातून सलून बार, गादीच्या खुर्च्या, गालिचा, भाव जास्त. आणि ज्याला कुणी बघू नये असं वाटतं त्याला स्नग, म्हणजे छोटी बंद खोली. बायका पण तिथंच बसायच्या, कधी पाद्री, कधी पोलिस. माल एकाच पिंपातला. नंतर बऱ्याच पबांनी मधल्या भिंती पाडून टाकल्या, म्हणून आर्गाइल आर्म्ससारखे कप्पे राहिलेले कौतुकाचे, प्रिन्सेस लुईसचे तर पाडलेले कप्पे नंतर जुन्यासारखे परत बसवलेत. फरक एवढाच की आपल्याकडे चकणा येतो, शेंगदाणे, काकडी, कधी उकडलेले चणे, आणि तिथं शेंगदाण्याच्या पुडीचे वेगळे पैसे. हे मला आजपर्यंत पटलेलं नाही.

बेलफास्टला क्राउन बार आहे, त्यात अशा दाराच्या स्नग अजून आहेत, आत बसून बटण दाबलं की घंटी वाजायची आणि बारवाला यायचा, काडी ओढायला धातूच्या पट्ट्या लावलेल्या. १९७८ पासून नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. म्हणजे आपल्याकडे एखादा वाडा ट्रस्टने घ्यावा तसं त्यांनी दारूचं दुकान घेतलं. लिव्हरपूलचा फिलहार्मोनिक तर २०२० पासून ग्रेड वन, सगळ्यात वरची पायरी, तिथंही मुतारी गुलाबी संगमरवराची. या लोकांचा जीव कशात असतो बघा.

ताई, बाबांना एक गोष्ट सांगून ठेवा, पबात गप्पा सुरू करायला कामाला येते. इंग्रज माणूस कुणाचं डोकं फिरलं की म्हणतो 'ही इज डूलॅली'. तो शब्द म्हणजे आमचं देवळाली. १८६१ ला इथं गोऱ्या सोल्जरांचा कॅम्प झाला, नोकरी संपलेले इथं येऊन बोटीची वाट बघत बसायचे, बोटी हिवाळ्यात सुटायच्या, उन्हाळ्यात आलेला माणूस महिनोन्‌महिने अडकायचा. काम नाही, ऊन, ताप, दारू. मग डोकं फिरायचं. त्याला म्हणायचे 'डूलॅली टॅप', टॅप म्हणजे आपला ताप. मी एकदा लंडनला एका म्हाताऱ्याला सांगितलं की मी डूलॅलीतून आलोय तर तो हसून हसून लाल झाला आणि मला पाइंट पाजला. फुकटचा पाइंट तिथं सहज मिळत नाही.

गोदाकाठची:
बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. मीनाताई तुमची सासूबाईंची गोष्ट आईला वाचून दाखवली, ती हसली पण, पण तिचा मुद्दा तसाच आहे, म्हणते 'कुणी ओळखीचं दिसलं तर?' अगं आई लंडनमध्ये कोण ओळखीचं! तर म्हणे नाशिकची माणसं सगळीकडे असतात.

बाबा विचारतायत की एवढी काच त्या काळात पबवाल्यांना परवडायची कशी. आणि बिअर कोमट असते हे खरं का?

दगडी_वाडा:
आर्किटेक्चर केलंय म्हणून काचेचं मी सांगते. इंग्लंडमध्ये काचेवर सरकारी कर होता, तो १८४५ मध्ये काढला आणि काच स्वस्त झाली. मग मोठमोठ्या काचा, त्यावर ॲसिडने खाऊन नक्षी, मागून सोनेरी रंग. बाबांनी प्रेसमध्ये काम केलंय तर ॲसिडने धातूची प्लेट कोरायची पद्धत त्यांना माहीत असेलच, तत्त्व तेच, जिथं कोरायचं नाही तिथं लेप लावायचा आणि उरलेलं ॲसिडला खाऊ द्यायचं. पब एवढे वाढले त्याला १८३० चा कायदा पण कारणीभूत. दोन गिनी (तेव्हाचे दोन पाउंडांहून थोडे जास्त) भरून घरपट्टी भरणाऱ्या कुणालाही बिअर विकायचं लायसन्स मिळायला लागलं, लोकांनी जिन सोडून बिअर प्यावी म्हणून. झालं असं की गल्लोगल्ली बिअरची दुकानं निघाली. जिनवाल्यांनी त्याआधीच गॅसचे दिवे, आरसे लावून झगमगाट सुरू केला होता, तीच फॅशन पुढे पबांनी उचलली. अंधाऱ्या खोलीत राहणारा माणूस संध्याकाळी दोन तास महालात बसून यायचा.

आणि काकूंच्या शंकेवर तर त्या लोकांनी तेव्हाच उपाय काढून ठेवलाय! स्नॉब स्क्रीन म्हणतात त्याला. काउंटरवर बरोबर चेहऱ्याच्या उंचीला दुधी नक्षीच्या काचेच्या छोट्या झडपा, फिरणाऱ्या. आपल्याला हवं तेव्हा झडप उघडून ऑर्डर द्यायची आणि बंद करायची, बारवाल्याला आणि पलीकडच्या बाजूच्या लोकांना तोंड दिसत नाही. ब्लूम्सबरीत लॅम्ब्स कंड्युइट स्ट्रीटवर द लॅम्ब नावाचा पब आहे, तिथं अजून आहेत. हॉबर्नपासून चालत जाता येतं.

कॉलेजरोडचा_बंड्या:
बिअर कोमट नाही, तळघरातल्या गारव्याची असते, ११ ते १३ डिग्री. आपल्याला फ्रीजमधल्या बर्फासारख्या बाटलीची सवय म्हणून कोमट वाटते. ती कास्क बिअर, पिंपातच शेवटपर्यंत आंबत असते, वरून गॅस मारत नाहीत त्यामुळे फेस पण कमी, आणि पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं. लाकडी दांड्याचा पंप ओढून देतात ती हीच. मागवायच्या आधी थोडी चव बघायला मागा, देतात, आपल्याकडे वायनरीत टेस्टिंग करतो तसं. नाशिकच्या माणसाला हे शिकवायला नको.

मुलीचं प्रत्येक पबचं वेगळं असतं, दुपारी जेवायला मोठ्यांबरोबर बऱ्याच ठिकाणी घेतात, संध्याकाळी नाही. दारात विचारूनच आत जा. आणि भावाकडे घरात जुन्या कागदी वीस-पन्नासच्या नोटा पडल्या असतील तर त्या नेऊ नका, ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, आता सगळ्या प्लॅस्टिकच्या. काही पबात तर रोख घेतच नाहीत, कार्ड ठेवा.

गोदाकाठची:
मंडळी, जाऊन आलो! परवाच परतलो, जेट लॅग आहे, चुका सांभाळून घ्या.

लेकीला वहिनीबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये ममी बघायला सोडलं आणि आम्ही चौघं दुपारी तीनला प्रिन्सेस लुईसला गेलो, म्युझियमपासून चालत दहा मिनिटं. आई दारापर्यंत 'मी बाहेर थांबते' म्हणत होती, पण बाहेर पाऊस लागला, त्यामुळे तो प्रश्न पावसानेच सोडवला. आत गेली आणि पहिलं काय म्हणाली असेल तर, 'अय्या, हे तर देवघरासारखं कोरलंय.' एका कप्प्यात आम्ही चौघंच, दोन्ही बाजूला काच, पलीकडे कोण आहे ते फक्त हलणाऱ्या रंगासारखं दिसत होतं. पाच मिनिटांत तिने घट्ट धरलेला पदर हातातून सोडला आणि पर्स बाकावर ठेवली, म्हणजे बसली एकदाची. लाइम सोडा घेतला, तोही मला काउंटरवर दोनदा विचारून यायला लावलं की यात काही नाही ना. मीनाताई, हे तुमच्या सासूबाईंमुळे.

बाबांनी हाफ घेतली. पहिला घोट घेतला आणि म्हणाले थोडी कडू आहे पण वास छान आहे, आणि मग ग्लास बाजूला ठेवून काचेजवळ गेले ते गेलेच. चष्मा काढून नाक टेकवून बघत होते. बोटाने हवेत रेघा काढून भावाला समजावत होते की ही वेल हाताने काढली असणार, हा कोपरा बघ, इथं हात अडखळलाय. माझा भाऊ तिथं नऊ वर्षं राहतोय, चारदा त्या पबात जाऊन आलाय, त्याने ती वेल पहिल्यांदा बघितली. मग बाबांना ग्लासवर मापाचा सरकारी शिक्का सापडला, त्यावरून अजून दहा मिनिटं. आणि मग ते टॉयलेटला गेले. बंड्यादादा तुम्ही मुतारीचं लिहिलं होतं ते मी आधीच वाचून दाखवलं होतं, त्यामुळे ते पंधरा मिनिटं आलेच नाहीत, शेवटी भावाला आत पाठवलं. आल्यावर एवढंच म्हणाले, 'काम चांगलंय.' प्रेसमध्ये तीस वर्षांत ते एवढं कौतुक कुणाचं करत नसत असं आई म्हणते.

जेवायला दुसऱ्या एका पबात गेलो होतो, तिथं आईला व्हीगन पाय आणि मॅश मिळाला, विचारूनच घेतला, तिने पर्समधून लसणाची चटणी काढून हळूच मॅशवर भुरभुरली आणि म्हणाली आता ठीक आहे. चिप्सची शंका होती म्हणून घेतलेच नाहीत. निघताना तिने कोंडाजीच्या चिवड्याचं एक न फोडलेलं पाकीट काउंटरवरच्या मुलाला दिलं, का ते मला विचारू नका, म्हणे 'पोरगं दुपारपासून उभं आहे.'

कॅम्पातले काका, तुमचं डूलॅली बाबांनी त्याच मुलाला मोठ्या हौसेने सांगितलं, मी मधे भाषांतर करत होते, बोट, ऊन, ताप सगळं. त्याने मन लावून ऐकून घेतलं आणि म्हणाला सॉरी, मी पोलंडचा आहे, हा शब्द मी कधी ऐकलाच नाही. फुकट पाइंट काही मिळाला नाही.